छाट

डॉक्टर हलकुडे पडद्यावर बोट ठेवतात.
उजवीकडे तीन, डावीकडे चार.
मुगाएवढे काळे ठिपके,
माझ्या पोटातले, आणि मी पहिल्यांदा बघतेय.

"एएमएच शून्य पूर्णांक आठ," त्या म्हणतात,
"चौतिसाव्या वर्षाला कमीच.
पण हा आकडा किती उरलीत तेवढंच सांगतो.
कशी आहेत, ते नाही सांगत."

किती आणि कशी हे वेगळे हिशेब असतात
हे मला शिकवायला नको.
विडी वळणारीची लेक आहे मी.

आई दिवसाला हजार वळायची.
मांडीवर सूप, सुपात पान, कातर, दोरा.
संध्याकाळी ब्रँचवर रांग.
चेकर चिमटीत धरून दाबायचा:
ही पोचट, ही ढिली, हिचं पान फाटकं.
छाट.
परत नाही द्यायचा. मोडायचा, तिच्यादेखत.
मजुरी उरलेल्यांची.

डॉक्टर कागदावर पेनानं गोल काढतात.
"ही बीजं तुमच्या जन्माआधीची.
आईच्या पोटात, पाचव्या महिन्यात
साठ-सत्तर लाख होती.
त्यानंतर नवं काही येत नाही. नुसती घट."

मी भादव्यातली.
म्हणजे पाचवा महिना वैशाखात.
पूर्व भागातली पत्र्याची खोली,
पंखा लावला तर तंबाखू उडतो
म्हणून पंखा बंद.
सुपाची कड पोटाला टेकलेली,
पोटात वीतभर मी,
आणि वीतभर माझ्यात
हे सगळे लाख
खोकल्याच्या प्रत्येक उबळीला हलणारे.

"तंबाखूनं झालं असेल?"
डॉक्टर पेनाचं टोपण लावतात.
"असेल. नसेलही. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही."

मग दहा दिवस इंजेक्शनं,
फ्रिजच्या दारात, दह्याच्या वाटीशेजारी.
अंबादास सुई धरायचा
आणि डोळे स्वतःचेच मिटायचा.
शेवटचं रात्री साडेदहाला, मिनिट इकडंतिकडं नाही.
बरोबर छत्तीस तासांनी मी टेबलावर.

सातांपैकी दोन रिकाम्या निघाल्या,
नुसतं पिवळसर, लालसर पाणी.
पाच बीजं.
त्यातलं एक कच्चं.

काचेआडच्या तहसीन मॅडम हे सांगताना
आवाज इतका खाली आणतात
की मला वाटतं, आता मोडतील.
"म्हणजे छाट?" गुंगीतच विचारते मी.
त्यांना शब्द कळत नाही.
"चार चांगली आहेत," त्या म्हणतात.

आई बाहेर बाकड्यावर.
लिंबानं हात घासून आलीय,
तरी वास येतोच.
तिला सगळं सांगते. वैशाख सांगत नाही.
पण ती अंगठा तर्जनीवर फिरवत बसते,
हवेतच एक विडी वळते, दुसरी वळते,
आणि मग:
"म्हणजे तेव्हा माझ्यातच होती ती?"
"हो."
"मग पिल्ला, मला आत का नाही बोलावलं मोजायला?"

मी हसते. टाके नाहीत, तरी दुखतं.

उद्या सकाळी फोन येणार.
रात्रभरात चारांतली किती फळली,
किती थांबली तिथंच.
तहसीन मॅडम बघतील, भिंगाखाली,
एकेक.

"उद्या काय सांगणार?" आई विचारते.
"किती आहेत ते."
"कशी आहेत ते विचार,"
म्हणते, आणि पदराची गाठ सोडून
सात रस्त्यापर्यंतचे रिक्षाचे पैसे
दोनदा मोजते.